तिसरी खेप

“राखीव किंमत म्हणजे काय, काका?” पुतणीने पुस्तकातून मान वर न काढता विचारलं.

परवाना कार्यालयाच्या बाकावर काका पाय पसरून बसले होते, जणू घरच्याच आरामखुर्चीत.

“मालकाच्या मनातला आकडा. तोंडाने तो सांगत नाही, पण बोली त्याच्या खाली अडली की त्याचा चेहरा दाढ दुखल्यासारखा होतो. तो चेहरा ओळखता आला पाहिजे.”

“पुस्तकात चेहऱ्याबद्दल काही नाही.”

“पुस्तक लिहिणाऱ्याने कधी हातोडा धरलाय?”

पुतणीने सुस्कारा सोडला. सकाळपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. काकांनी मात्र दोन कप चहा रिचवून वर बिस्किटांचा पुडा संपवला होता.

आजची खेप तिसरी. तीनदा नापास झालेल्याला चौथ्यांदा बसू देत नाहीत, हे नियम नऊमध्ये ठळक अक्षरांत छापलं होतं. आधीची दोन्ही नापासाची पत्रं घरी आली तेव्हा काकांनीच ती टराटरा फाडली आणि जेवताना मुद्दाम दोन घास जास्त खाऊन दाखवले.

पूर्वी असली भानगड नव्हती. ज्याचा आवाज मागच्या भिंतीला जाऊन थडकतो, त्याने लिलाव पुकारावा, संपलं. मग कायदा आला. जामीन आणा, चारित्र्याचा दाखला आणा, परवानाधारकाच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी करा, आणि त्यावर लेखी आणि तोंडी परीक्षा. उमेदवारीची दोन वर्षं निमूट पार पडली होती. मालाला चिठ्ठ्या बांधायच्या, खुर्च्या मांडायच्या, संध्याकाळी हॉल झाडायचा, आणि व्यासपीठाकडे खालून बघायचं. घरात परवाना एकच, त्याच्यावरच लिलावघर रेटलं जात होतं. दुसरा आज मिळाला तर मिळाला, नाहीतर या जन्मात पुन्हा पुकारा नाही.

पुतणीला जुना हॉल आठवला. लाकडाचा, पॉलिशचा आणि धुळीचा तो वास. ती सहा वर्षांची असताना काका तिला पुढे बसवून एका मोडक्या खुर्चीचा लिलाव करायचे. समोर पन्नास खुर्च्या, सगळ्या रिकाम्या, आणि काका एकीकडे बोट दाखवून विचारायचे, “मागचे साहेब, बोली देताय की डुलकी घेताय?” एका गृहस्थाने म्हणे खरंच डुलक्या घेतल्या होत्या. मान जितक्यांदा खाली आली तितक्यांदा बोली वर गेली, आणि जाग आली तेव्हा तो एका पियानोचा मालक झालेला होता. सांगण्याच्या ओघात त्या पियानोचं कधी कपाट व्हायचं, कधी घोडागाडी. गृहस्थ मात्र दर वेळी तितकाच गाढ झोपलेला.

“कितवी वेळ?” शेजारी बसलेल्या गृहस्थांनी पुतणीला विचारलं.

“तिसरी.”

“अरेरे. आमच्या चिरंजीवांची पहिलीच.” चिरंजीव पलीकडे नखं खात बसले होते. “पण तुमच्यासोबत एवढं अनुभवी माणूस आहे. मग काळजी कसली?”

“तीच तर काळजी आहे,” पुतणी म्हणाली.

काका खुशीत हसले.

“आता एकच राहिलं, काका. हातोडा कधी पाडायचा?”

काकांचा चेहरा उजळला. “ती शिलाई मशीनवाली बाई...”

“शिलाई मशीन नको.”

पण काका कुठले थांबायला. कुणी एक शिवणकाम करणारी बाई. तिचंच मशीन लिलावात आलेलं, आणि ती पुढच्या रांगेत मूठ आवळून बसलेली. तिने चाचरत पहिली बोली दिली. मागे एका व्यापाऱ्याने हात वर करायला घेतला. काकांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्या हाताने मुकाट्याने डोकं खाजवलं, आणि कुणी श्वास घ्यायच्या आत हातोडा पडला. एक नाही, दोन नाही, तीन नाही.

“तीस वर्षं त्या बाईने आपल्या हॉलचे पडदे शिवले,” काका म्हणाले. “एक टाका उसवला नाही.”

मागच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेत हीच गोष्ट पानभर गेली होती. परीक्षकांनी समासात एकच शब्द लिहिला होता: बेकायदेशीर.

पुतणीने पुस्तक मिटलं.

“लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय मी झोपायचे नाही, काका. अजूनही मला हिच्याइतकी दुसरी कुठली आवडत नाही. पण आत तीन माणसं बसलीत, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या घरचं मशीन कधी लिलावात गेलेलं नाही. आज पुस्तकातलं उत्तर द्या. माझ्यासाठी.”

काका उजव्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिले. हातोड्याने पडलेला तिथला घट्टा आता पार मऊ झाला होता. मग डोळे मिटून, कुणा दुसऱ्याच्याच आवाजात बोलावं तसं ते बोलले.

“अंतिम बोलीचा तीन वेळा स्पष्ट पुकारा केल्यानंतर, आणि अन्य बोली नसल्याची खात्री करून घेतल्यानंतरच हातोडा पाडावा. नियम एकवीस.”

एक अक्षर चुकलं नव्हतं. पुतणीला हायसं वाटलं, पण क्षणभरच. त्या सपाट आवाजात ना बाई होती, ना व्यापारी, ना पडदे.

“हेच हवं होतं ना तुला?” काकांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “पास होण्यापुरतं.”

दार किलकिलं झालं. शिपायाने मान बाहेर काढली.

“क्रमांक सात.”

दोघंही उठले.

“एकानेच यायचं. शिकवणारे बाहेर थांबा.”

शेजारचे गृहस्थ लगबगीने सरकले आणि बाकावर हाताने थोपटत काकांना म्हणाले, “या, बसा इथे.”

त्या जागेवर पुतणी बसली, आणि काका सदऱ्याची वरची गुंडी लावून आत गेले.