बांधातली फळी

जंगल संपून माळ सुरू होतो तिथे एक दगडी बांध आहे. माणसांनी तो पायऱ्या चढून ओलांडायचा. कुत्र्यांसाठी खालच्या भोकावर एक सरकती फळी आहे. ती वर उचलून धरली की कुत्रं पलीकडे जातं. आपली कुत्री टॅन्सी गेल्यावरही विल्फ्रेड रोज ती फळी उचलायचा, क्षणभर धरायचा आणि मग सोडायचा.

"जानेवारीत आपण दोघांनीच पुरलं ना तिला?" मेंढ्यांचा मालक ॲलेक काल म्हणाला. "आता फळी कुणासाठी उचलतोस?"

"हाताला सवय लागलीय रे."

"मोड ती सवय. माझ्या कोकरंवाल्या मेंढ्या तुला बघून पाय आपटतात. कुत्र्याला बघून आपटतात ना, तशा."

आज विल्फ्रेडने मन घट्ट केलं. टॅन्सीची दोरी घरीच खुंटीवर राहू दिली. बांधाशी आल्यावर फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. पायऱ्या चढला, पलीकडे उतरला आणि चालू लागला.

मेंढ्या वाटेतच चरत होत्या. तो त्यांच्या अगदी जवळून गेला, पण एकीनेही पाय आपटला नाही. कोकरं निवांत दूध पीत राहिली.

विल्फ्रेडची पावलं मंदावली. मग इतके दिवस या कुणाला बघून बिचकत होत्या?

तेवढ्यात मागून आवाज आला. बांधापलीकडे कुणीतरी फळीवर नखं घासत होतं, सावकाश, आपला माणूस आत्ता परत येईल अशा खात्रीने.