अर्ज क्रमांक बत्तीस

जावक कारकुनाने दादाला लिहिलेलं पत्र अखेर गेलं. पण हे तूर्तास विसरून जाऊ. कारण तीनला दहा मिनिटं कमी असताना पत्र टपालाच्या थैलीत होतं आणि कारकुनाचा हात त्याच्या मागोमाग, कोपरापर्यंत आत.

"पुन्हा?" शिपाईमावशी म्हणाल्या. "अहो, थैली आता तुम्हाला हातावरून ओळखते."

पत्रात एकच ओळ होती. दादा, चूक माझी होती. त्यामागे आठ वर्षांचा अबोला. परवा वहिनींचा फोन आला होता. "भाऊजी, ह्यांची नजर चाललीय. महिनाभर अक्षर दिसेल म्हणतात. नंतर काही लिहिलंत तर मला वाचून दाखवावं लागेल, आणि शिव्या असल्या तर मी गाळणार नाही हं."

कचेरीचा नियम साधा होता. थैलीतलं पत्र परत हवं असेल, तर जावक कारकुनाकडे लेखी अर्ज करायचा. हा स्वतःकडेच अर्ज करी आणि स्वतःच मंजूर करी. आठ वर्षांत असे एकतीस झाले होते.

त्यात आज सकाळी डॉक्टरांनी उदासीवर नवी गोळी दिलेली. ती काय करते तेही सांगितलेलं. "मेंदूतली एक पेशी रसायन सोडते. मधे बारीकशी फट. पलीकडच्या पेशीला ते पोचतं न पोचतं, तोच पहिली परत ओढून घेते. गोळी ते ओढणं अडवते. निरोप फटीत जरा जास्त टिकतो."

"म्हणजे जावक ठीक आहे, परत घेणं थांबवायचं?"

"बरोबर."

"मग गोळी कुणी घ्यायची? पाठवणाऱ्याने की पत्राने?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हीच घ्या. जेवल्यावर. आणि गुण यायला काही आठवडे लागतात."

आठवडे! इथे थैली तीनला बंद होणार. गोळी पोटात, हात थैलीत. अडवणारे की परत ओढणारे, आपण नेमके कोण, हे कारकुनाला कळेना.

"हात बाहेर," मावशी म्हणाल्या. "आधी अर्ज."

हात रिकामा बाहेर आला. कारकून टेबलाशी बसला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मागे मावशींनी थैलीला गाठ मारली, उचलली आणि त्या चालू लागल्या. त्याने वर पाहिलं नाही.

"प्रति, जावक कारकून. अर्जदार, जावक कारकून. महोदय, अर्जदार आत्ता धावत येऊन पत्र परत मागेल. गोळीला गुण येईपर्यंत त्याचा एकही अर्ज, हा धरून, मंजूर करू नये, ही नम्र विनंती."