पाव पगारात अख्खा माणूस

"बस ना," लाइल बर्चल म्हणाले.

मिरोन हलुश्का बसला नाही. आइस हॉकीच्या चालू सरावातून त्याला वर बोलावलं होतं. पायांत नुसते मोजे, मानेवर घाम. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दोन वाजता सगळ्या लीगमधली खेळाडूंची देवाणघेवाण बंद होणार, मग मोसम संपेपर्यंत जो जिथे आहे तो तिथेच.

टेबलावर एक कागद होता. करारानुसार हलुश्काच्या सहीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे धाडता येत नव्हतं.

"क्युबेकला तू हवा आहेस," बर्चल म्हणाले. पाच वर्षांपासून ते सास्काटूनच्या संघाचे मॅनेजर होते. "यंदा चषक त्यांचाच, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आपला बाजार तर मार्चातच उठला. तू छत्तीसचा. आणखी काय सांगू?"

"माझे साठ लाख डॉलर त्यांच्या पगाराच्या मर्यादेत बसतात कुठे?"

"नाही बसत. म्हणून निम्मे आपण भरायचे. उरलेल्यातले निम्मे हॅलिफॅक्स भरणार. क्युबेकच्या हिशेबात तू फक्त पंधरा लाखांचा."

"हॅलिफॅक्सचा काय संबंध?"

"मध्यस्थ. अर्धा तास तू कागदोपत्री त्यांचा. त्याबद्दल क्युबेक त्यांना एक नवखा खेळाडू देतंय."

हलुश्का खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "सगळ्यांना पगाराची एकच मर्यादा घालायची, आणि मग एक माणूस तिघांच्या वह्यांत वाटून टाकायचा. ही चोरी आहे."

"हेच तू खेळाडूंच्या संघटनेच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून म्हणाला होतास. छान बोललास. नियम काही बदलला नाही."

"नियमात आहे हे मला कळतं हो. बरोबर आहे का?"

"ते मला दोन वाजल्यानंतर विचार."

हलुश्काने कागद उचलला, वाचला नाही, परत ठेवला. "तिकडे कुणाची जागा जातेय?"

बर्चलनी चष्मा काढून पुसला. "थेरिओची. काल त्याचं नाव सोडायच्या यादीत टाकलं. आज दुपारपर्यंत दुसऱ्या कुठल्या संघानं उचललं नाही. खालच्या संघात जाईल."

रेमी थेरिओ. इथे सास्काटूनमध्ये दोन मोसम बचावफळीत त्याच्या शेजारी खेळलेला. हलुश्काने तिथेच फोन लावला.

"रेमी, मी मिरोन."

पलीकडे हसण्याचा आवाज. "म्हणजे तू आहेस होय! कालपासून डोकं खाजवतोय, कोण येतंय म्हणून."

"अजून सही केली नाही."

"कशाला थांबलायस?"

"तुझा पगार अठरा लाख. मी तिकडे तुझ्यापेक्षा स्वस्त पडतोय, रेमी. मी!"

"ठाऊक आहे. तू पुरे साठ लाख घेऊन आला असतास, तर त्यांना तू परवडला नसतास आणि मी इथेच असतो. बायकोला हे तीनदा समजावलं. ती म्हणते, आणखी एकदा सांग."

"मग मी नाही म्हणतो."

"आणि मग? त्यांच्याकडे यादी आहे, म्हाताऱ्या. तू नाही तर दुसरा कुणी पाव पगारात येईल. मी तर गेलोच." थेरिओचा आवाज चढला. "माझ्यावर उपकार करू नकोस. सही कर नाहीतर फाडून टाक, पण माझं नाव घेऊन नको."

"मी तसं..."

"आणि हे न्यायाचं आहे असं कुठल्या पत्रकाराला सांगू नकोस. एवढंच."

"नाही सांगणार."

"मग ठेव फोन."

एक वाजून एकावन्न. बर्चलनी पेन पुढे सरकवलं. हलुश्काने गुडघा चोळला. सोळा मोसम, दोन शस्त्रक्रिया, चषकाला एकदाही हात लागला नव्हता. थेरिओ चिडून बोलत होता तेव्हाच आपल्याला डोळ्यांसमोर क्युबेकची तांबडी जर्सी दिसत होती, हे त्याच्या लक्षात आलं. त्याचे कान तापले.

त्याने उभ्यानेच सही केली.

बर्चलनी कागद पाठवला, दोन फोन केले आणि हात पुढे केला. "अभिनंदन. आता तू हॅलिफॅक्सचा."

"किती वेळ?"

"क्युबेकचं होकारपत्र येईस्तोवर."

खाली कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांना आधीच कळलं होतं. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिलं. सामान बघणारा डग हातात खडू घेऊन त्याच्या पिशवीजवळ उभा होता.

"कुठलं गाव लिहू, हलुश्का?"

"थांब जरा."

"विमान साडेचारला आहे."

"अरे, थांब म्हटलं ना!"

डग थांबला. हलुश्का बाकावर बसला, लगेच उठला. तेवढ्यात फोन थरथरला. थेरिओचा निरोप होता.

"आमच्या मैदानात गोलमागच्या डाव्या कोपऱ्यात कडेची फळी सैल आहे. चकती आपटून मागे येत नाही, तिथेच मरते. वाट बघू नकोस, तू पुढे जा."

त्याने तो दोनदा वाचला. काय उत्तर द्यावं याचा विचार करतोय तोच खाली दुसरा आला.

"आमच्या मैदानात नव्हे, त्यांच्या."