मुद्दाम घातलेलं वजन

दोन वर्षं पडून असलेल्या पियानोच्या मधल्या पट्ट्यांवर धूळ नव्हती, आणि तिथेच एकनाथच्या मनात पाल चुकचुकली.

स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बावीस वर्षं काढलेला माणूस तो. खोक्यावर काय लिहिलंय यावर त्याचा कधी विश्वास बसला नाही. आधी हाताने उचलायचं, मग काट्यावर टाकायचं, मग बोलायचं. लेक सोनल तीन महिने पियानोच्या क्लासला जात होती आणि बाईंनी निक्षून सांगितलं होतं, की घरी हात बसायला आता काहीतरी घ्या. काहीतरी म्हणजे काय, ते एकनाथला कुठलं कळायला! म्हणून नविनभाईंच्या दुकानात येताना त्याने गंजाड गावच्या सुनिलला सोबत आणलं होतं. सुनिल लग्नांमध्ये बेंजो पार्टीबरोबर कीबोर्ड वाजवायचा. त्याच्याएवढा जाणकार थेट तलासरीपर्यंत दुसरा सापडला नसता.

आणि हा जाणकार दुकानात शिरल्यापासून चमत्कारिक वागत होता.

नविनभाईंनी पुढे मांडलेला कीबोर्ड एकनाथला बघताक्षणी पसंत पडला होता. दिवे लागत होते, दोनशे ताल होते, एक बटण दाबलं की गरबासुद्धा सुरू. काखोटीला मारून नेण्याइतका हलका. सोनलही खूश होती. सुनिलने मात्र त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. वरातीला ठीक आहे, एवढंच पुटपुटला आणि सरळ कोपऱ्यातल्या, चादर टाकलेल्या लांबलचक धुडाकडे गेला. चादर काढली तर आत डिजिटल पियानो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, दिवे नाहीत, ताल नाहीत, आवाज मोजून दहा. किंमत दुपटीच्या वर. सायवनकडे फार्महाऊस बांधणाऱ्या कुणीतरी मागवला आणि न्यायला आलाच नाही, असं नविनभाई सांगत होते. मग मधल्या पट्ट्या एवढ्या लख्ख कशा? वापरलेला माल नव्याच्या भावात गळ्यात मारायचा बेत दिसत होता.

एकनाथने एक पट्टी दाबली. बोटाला चक्क जोर लागला. शेजारच्या कीबोर्डची दाबली, ती नुसत्या फुंकरीनेही खाली गेली असती.

"विजेवर चालतो ना हा? मग पट्टी जड कशाला?"

"आत वजन घातलेलं असतं," सुनिल म्हणाला. "मुद्दाम."

झालं! मुद्दाम घातलेल्या वजनाचा पार्सल ऑफिसात एकच अर्थ होतो. चिकूच्या खोक्यात तळाला ओला पेंढा भरणारे महाभाग एकनाथने डोळ्यांनी पाहिले होते, आणि तेही असेच शांतपणे बोलायचे. सुनिल आपला समजावत होता, की खऱ्या पियानोत प्रत्येक पट्टीमागे हातोडी असते, जड पट्टीवर शिकलं की बोटात ताकद येते, हळू कसं वाजवायचं ते कळतं, आणि हलक्या पट्टीची एकदा सवय लागली की ती जन्मात सुटत नाही. एकनाथला त्यातून एवढंच ऐकू आलं, की हा माणूस महागडी वस्तू खपवायला बघतोय.

सुनिल आणि नविनभाई गल्ल्यापाशी जाऊन हळू आवाजात गुजरातीत बोलायला लागले. एकनाथला गुजराती चांगली कळत होती. नविनभाई म्हणत होते, नीट विचार कर, हा गेला की तुझं काय? सुनिलने नुसता हात झटकला.

आता मात्र एकनाथला राहवेना. आपण आणलेलाच माणूस आपल्याला टोपी घालतोय, तेही लेकीच्या खरेदीत. तो भर दुकानात, सोनलसमोर म्हणाला, "सुनिल, खरं सांग. यात तुझं किती?"

सुनिल खाली बघून चादरीची घडी घालत राहिला. बोलले ते नविनभाई.

"साहेब, हा दर बाजाराच्या दिवशी गंजाडवरून पहिल्या गाडीने येतो. अर्धा तास याच्यावर वाजवत बसतो, मग कामाला जातो. मी बोललेलो त्याला, गिऱ्हाईक आला तर विकणार. दोन वर्षांत कोणी आला नाय. आज हाच गिऱ्हाईक घेऊन आला."

एकनाथचे कान तापले. एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. त्याने विचारलं, की मग कशाला सांगितलंस घ्यायला?

"तिची सुरुवात आहे, साहेब," सुनिल म्हणाला. "माझी तर होऊन गेली."

एकनाथने पैसे मोजले आणि पियानो न्यायला टेम्पो दाराशी आला. बाजाराला येशील तेव्हा वाजवायला घरी येत जा, क्वार्टर स्टेशनामागेच आहे, असं एकनाथने दोनदा सांगितलं. सुनिल लगेच 'येईन की' म्हणाला. लगेच म्हणाला, त्यावरूनच एकनाथला कळलं की हा येणार नाही. इतकं बोलून झाल्यावर कुठल्या तोंडाने आग्रह करणार!

निघण्याआधी सोनलने हट्ट धरला, की काका, एकदा वाजवून दाखवा. सुनिल बसला. पँटला हात पुसले. आता एखादं वरातीचं गाणं येणार म्हणून टेम्पोवाला दारात येऊन उभा राहिला. सुनिलने मधली एकच पट्टी दाबली, अगदी हळू, आणि दाबूनच ठेवली. सूर बारीक होत चालला. वायर काढायला नविनभाई वाकले, तसा एकनाथने त्यांचा हात धरला. सूर संपला. सुनिलचं बोट पट्टीवर तसंच होतं.