गाळातला मंगळवार

शरयूने गाळाच्या नळकांड्यावरून यंत्राचा किरण सरकवत नेला आणि एकतीस वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारावर थांबवला. नदीच्या तळातला थर न् थर आता तारखेनिशी वाचता येत होता. वरच्या अंगाच्या अणुभट्टीतून कोणत्या दिवशी पाण्यात काय उतरलं, ते काठच्या बावीस गावांच्या फलकांवर एका बटणासरशी उमटत होतं.

समोरच्या बाकावर गौराबाई भोई बसली होती. त्या मंगळवारी तिचा सात वर्षांचा तुळशीदास दिवसभर डोहात पोहला होता. पुढे दोन वर्षांत तो रक्ताच्या आजाराने गेला.

"काय निघालं गं?" तिने विचारलं.

आकडा लाल होता. भट्टीकडून तेव्हा पाणी तपासायला शरयूचे वडीलच येत, आणि त्यांच्या वहीत त्या दिवशी 'पाणी निर्धोक' असं लिहिलेलं होतं. बटण दाबलं की दोन्ही नोंदी गावोगाव शेजारी शेजारी झळकणार होत्या.

"पाणी वाईट होतं, मावशी," ती कशीबशी म्हणाली. "आबांनी खोटं लिहिलं."

आणि तिने बटण दाबलं.

गौराबाईने आकांत केला नाही. उठून तिने भिंतीवरच्या फलकावर 'पाणी निर्धोक' या शब्दांवर बोट ठेवलं.

"माझ्या पोराला पुरलं ना, तिथं तुझा बाप रोज संध्याकाळी येऊन बसतो," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याला देवमाणूस समजून चहा नेऊन देत आले."