उजवी त्याची, डावी तिची

दातांचे डॉक्टर तिसऱ्यांदा त्याच झुकलेल्या झाडासमोरून गेले आणि काठावर उभ्या असलेल्या सुतारणीने डोळे मिटून घेतले. तिने आणि नवऱ्याने केलेली पहिलीवहिली होडी सरळ जायचं नावच घेत नव्हती. चष्मा शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखी तळ्यात तिथल्या तिथे घिरट्या घालत होती. मागे छोटी मोटर पुटपुटत होती. डॉक्टर आत ओणवे होऊन काय करत होते ते इथून दिसत नव्हतं. बहुधा देवाचा धावा.

शेजारी नवरा हाताची घडी घालून उभा होता. होडीला हात लावल्यापासून दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

भांडण लाकडावरून झालं होतं. लोकांची दारं, खिडक्या, कपाटं करण्यात दोघांची उमर गेली, पण तिच्या स्वयंपाकघरात कपाट नव्हतं. त्यासाठी तिने चांगल्या फळ्या राखून ठेवल्या होत्या. एक दिवस डॉक्टर दुकानात येऊन बसले. मासेमारीच्या होड्या म्हणजे चार जणांनी ढकलायचं धूड. सुट्टीच्या दिवशी एकट्या हौशी माणसाने गळ टाकायला जावं तर हलकी होडी कुठे मिळते, म्हणून हळहळले. नवऱ्याने तिला न विचारता शब्द देऊन टाकला. फळ्याही न विचारता घेतल्या. तिने अबोला धरला. आपण का मागे राहायचं, म्हणून त्यानेही धरला.

शब्द मात्र दिलेला होता. दुकानाच्या मधोमध होडीचा सांगाडा पालथा घातला. एका बाजूला तो फळ्या ठोकी, दुसऱ्या बाजूला ती. मध्ये होडी, भिंतीसारखी. करवत हवी असली की ती होडीला सांगायची, ज्या कुणाला ऐकू येत असेल त्याने करवत इकडे सरकवावी. पलीकडून करवत यायची, आणि तिच्याबरोबर होडीलाच मारलेला एखादा टोमणा.

आणि तिथेच गंमत झाली. वाफेवर धरलेली फळी पहिल्यांदा तिच्या हातात वाकली आणि ती हरखून गेली. जन्मभर तिने काटकोन केले होते. दार जरा तिरकं झालं की लोक घरी येऊन बोलून जातात. इथे वाकवाल तेवढी शाबासकी. रोज सकाळी ती फुरंगटलेलं तोंड घेऊन दुकानात यायची आणि आतून नुसत्या उकळ्या फुटत असायच्या. डॉक्टरांनी होडी घेतली तर यापुढे हौशी गळवाल्यांसाठी होड्याच करायच्या, असं नवऱ्याने होडीला सांगितलं होतं. नाही घेतली तर पुन्हा दारं. तिला आता दारं नको होती. पण हे बोलणार कुणाशी?

एक गोष्ट तेवढी राहून गेली. होडीचं आडवं माप घ्यायचं तर टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं, आणि 'धर' म्हणायला बोलावं लागतं.

"तुझी बाजू फुगलीय," नवरा म्हणाला. इतक्या दिवसांतलं त्याचं तिच्याशी पहिलं वाक्य.

"तुमची चपटी आहे."

होडी पुन्हा झाडासमोर आली. तिच्या पोटातून हसू वर आलं. तिने तोंडावर हात दाबला, तर ते नाकातून निघालं. त्याचेही खांदे हलत होते. फळ्या, धंदा, अब्रू, सगळं डोळ्यांसमोर गोल फिरत होतं आणि दोघं वर्गातल्या पोरांसारखी एकमेकांकडे न बघता हसत होती.

डॉक्टर काठाला लागले ते गुडघ्यापर्यंत भिजून. तिने तोंड सरळ केलं आणि माफीची वाक्यं जुळवायला घेतली. तेवढ्यात डॉक्टरांनी होडीतून हातभर मासा उचलून दाखवला. मग दुसरा.

ते धापा टाकत सांगू लागले. मासे सगळे त्या एका डोहात. तिथे होडी ठेवायची तर वारा ठेवू देत नाही. एका हातात मोटरचा दांडा, एका हातात गळ, आणि मासा नेमका तेव्हाच ओढतो. ही होडी मात्र दांडा धरला की मुकाट सरळ जाते, आणि सोडला की आपली आपण डोहाभोवती फिरत राहते. दोन्ही हात मोकळे.

"मिस्त्री, हे डोकं कुणाचं?"

नवऱ्याने तिच्याकडे बोट दाखवलं. तिने त्याच्याकडे.

"मग वहिनी, माझ्या दोस्तांसाठी अजून चार करा. पण अगदी हुबेहूब. जशी ही केलीत, तशाच."

परतताना दोघं वाटभर एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होती. नवी पाटी, मोठी खोली, वाफेसाठी मोठं पिंप. कोपऱ्यावर तो एकदम थबकला.

"अगं, पण हुबेहूब करायची कशी? उद्या डॉक्टरांची होडी मोजून आणू."

"मोजून इतकं वाकडं आपल्याला जमायचं नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळपासून अबोला. आज मात्र मला पोटभर बोलून घेऊ द्या."