बिनरॉकेलचा कंदील

त्र्याहत्तर साली रॉकेल मिळेना, तेव्हा माझा दीर सहादू कुठूनसा एक कंदील घेऊन आला. मी टाकी उघडून पाहिली, तर कोरडी ठणठणीत. तरी रोज दिवेलागणीला तो आपोआप पेटायचा.

"कुठून आणला, भाऊजी?"

"उजेड पडतो ना, वहिनी? मग हात जोडा न् गप बसा."

दिवा लागला की आमच्यात सगळेच हात जोडतात. सासूबाईंनी जोडले, सहादूने जोडले. मी नाही जोडले. कंदिलासमोर बसून मुकाट शेवंतीचा हार ओवत राहिले.

सासूबाई माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघून हसल्या. "जोडले ना शेवटी! मला वाटलं, नाय जोडायची तू."

मी वळून पाहिलं. सुई माझ्या हातातच होती. भिंतीवरच्या माझ्या सावलीने मात्र दोन्ही हात जोडले होते.